घरटी एक

दारावरची घंटा वाजली. आतल्या खोलीतून सुनेने, योगिनीने, दबक्या आवाजात सांगितले, "बाबा, तेवढं घ्या ना, माझी मीटिंग चालूये." सहदेवांनी दार उघडून एक लांबट, वजनाला हलके खोके हाती घेतले, पोचेची सही केली, ते घेऊन आलेल्या गृहस्थास पाणी विचारले, तो नको म्हणून जिना उतरूनही गेला, इतकेच काय ते घडले. परंतु पस्तीस वर्षे ठाण्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गावोगावचे नकाशे रेखाटण्यात घालवलेल्या मनुष्याची दृष्टी कोणत्याही कागदावरच्या सर्वांत बारीक अक्षराकडे आधी धाव घेते. खोक्यावर योगिनीचे नाव ठळक होते, ठाकुर्लीचा पत्ता ठळक होता. आणि त्यांच्या खाली, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, खोके जिथून निघाले ते ठिकाण छापलेले होते: गोदाम क्रमांक तीन, सर्व्हे नंबर एकशे बारा, मौजे खांडवली. सहदेवांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा वाचले. अक्षरे तीच राहिली. कानाच्या पाळ्या तापल्यासारख्या झाल्या. आपल्याच घराच्या उंबऱ्यावर आपलेच गाव पुठ्ठ्यात बांधून कोणीतरी ठेवून गेले आहे आणि पोच म्हणून आपली सहीही घेऊन गेले आहे, असे त्यांना वाटले.

एकशे बारा म्हणजे खाजण. कल्याणची खाडी ओलांडून भिवंडीच्या वाटेला लागले की डावीकडे जी खारट, ओलसर, पायाला थंड लागणारी जमीन पसरलेली असे, ती. भरतीचे पाणी मातीच्या उंच बांधाने थोपवून गावाने तीत लाल दाण्याचे भात पिकवले होते. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, सहदेवांनी स्वतः ती जमीन मोजली होती. मोजणीच्या साखळीचे दुसरे टोक खातेदार म्हणून वडिलांच्या हातात होते, आणि वडील ते टोक देवाच्या पालखीचा दांडा धरावा तशा गांभीर्याने धरून उभे होते. एकशे बारा आणि एकशे तेरा यांच्यामधून, म्हणजे खाजण आणि गावाचे गुरचरण यांच्यामधून, एक ओहोळ वाहत असे. पावसाळ्यात साऱ्या गावाचे पाणी पोटात घेऊन तो खाडीला नेऊन देई. नकाशावर त्याची निळी रेघ ओढताना एका ठिकाणचा बाक सहदेवांना साधेना. तीनदा कागद बदलला. वरिष्ठ म्हणाले, "अहो, पाणी आहे ते, उद्या आणखी कुठून वाहील." सहदेव म्हणाले होते, "आज इथून वाहतं, साहेब." त्या उत्तराचा अभिमान त्यांनी पुढे कितीतरी वर्षे, कोणाला न सांगता, जपून ठेवला होता.

योगिनी बाहेर आली. "आलं? बाल्कनीसाठी मागवलंय." तिने कात्रीने खोके उघडले आणि आतून हिरव्यागार प्लास्टिकच्या गवताची गुंडाळी काढून फरशीवर उलगडली. "बघा ना, एकदम लॉन. माती नाही, किडे नाहीत, पाईपने धुता येतं." सहदेव खाली वाकले आणि त्यांनी तळहात त्या गवतावरून फिरवला. पाती तळहाताला टोचली आणि एकाच वेळी, एकाच दिशेने उभी राहिली. "कुठून आलं हे, ठाऊक आहे?" त्यांनी विचारले. "ऑनलाईन, बाबा." मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून ती म्हणाली, "काय झालं? सकाळची गोळी घेतलीत ना?" गोळी घेतली होती. तरीही छातीत काहीतरी दुडकत होते.

खांडवलीत शिवराम होता. एका बाकावर बसून दोघे चौथीपर्यंत शिकले. एक नकाशाकडे गेला आणि एक नांगराकडे राहिला. सहदेवांनी त्याला दोन वर्षांत फोन केला नव्हता, आणि न करण्याचे कारण त्यांना नीट ठाऊक होते. आज मात्र बोटांनी मनाला न विचारता क्रमांक दाबला. "बोल रं मोजणीवाल्या," शिवराम म्हणाला, जणू कालच बोलणे झाले होते. "जित्ता हायेस तं." सहदेवांनी खोक्याची हकीगत सांगितली. शिवराम खो खो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "आज बरा फोन केलास. आज अकराला ग्रामसभा हाय. गोदामवाल्यांना एकशे तेरातनं साठ फुटी रस्ता पायजे. गुरचरन जानार, आनि ववल, तुजी ती निली रेघ, नलीत घालनार." "मग? तुम्ही काय ठरवलंत?" "ठरवायचा काय त्यात? कोन जानारच नाय. गावात सगल्यांना सांगून ठेवलाय. शंभर डोकी भरली नाय तं सभाच नाय. तूच सांगलेलास ना मागल्या टायमाला? तवा आमी तुजा ऐकला, पन वरनं वशिला फिरला. आता फिरू दे, बगतंच."

भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते. मागल्या खेपेला, तीन वर्षांपूर्वी, खाजणावर गोदामे उभारण्यास संमती मागणारी सभा होती, तेव्हा याच फोनवरून, याच खुर्चीतून, जाणत्याच्या थाटात त्यांनी सांगितले होते: जाऊच नका, गणपूर्ती नाही तर सभा नाही, सभा नाही तर ठराव नाही. गाव घरात बसले. सभा तहकूब झाली, अर्ध्या तासाने पुन्हा भरली आणि अकरा माणसांनी ठराव संमत केला. वशिला कोणाचाही फिरला नव्हता. त्यानंतर वर्षभराने डोंबिवलीच्या वाचनालयात एक पातळ पुस्तिका चाळताना सहदेवांनी ते वाक्य वाचले: गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता नाही. वाक्य अत्यंत सुबोध होते. जमिनीची हद्द वितीवितीने जाणणाऱ्या मनुष्याला सभेची हद्द ठाऊक नव्हती, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हते. त्यांनी पुस्तिका मिटली, होती तिथेच कपाटात नीट ठेवली आणि घरी येऊन कोणाशी काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून गावाचा फोन आला की ते स्नानाला गेलेले असत.

"मी येतो," ते म्हणाले.

"कशाला? सभेला जायाचाच नाय, सांगतंय ना."

"तरी येतो. मी येईपर्यंत पारावरून हलू नकोस."

योगिनीला त्यांनी सांगितले ते एवढेच, की गावी एक काम निघाले आहे. ती म्हणाली, "आत्ता? या उन्हात?" पण तोवर त्यांनी पायांत वहाणा सरकवल्या होत्या, आणि खिशात, का ते त्यांना सांगता आले नसते, टेबलाच्या खणातली निळी पेन्सिल. जिना उतरताना त्यांच्या ध्यानात आले की आपण एकेक पायरी सोडून उतरत आहोत. ज्या गोष्टीच्या भयाने दोन वर्षे झोप उथळ झाली होती ती आज सांगावी लागणार, आणि तरीही मनात जे दाटून येत होते ते भय नव्हते. परीक्षेच्या दिवशी पेपर हातात पडण्यापूर्वीच्या क्षणी जी हुरहूर होते, तीत जी एक लज्जास्पद गोडी असते, ती एकोणसत्तराव्या वर्षी अंगभर पसरत होती.

रिक्षावाला कुरकुरला, "काका, तिकडनं रिटर्न भाडं नाय मिळत, सगले कंटेनरच." सहदेव म्हणाले, "मिळालं नाही तर मलाच परत आण." तो हसला आणि निघाला. कल्याण मागे पडले, दुर्गाडीपाशी खाडी ओलांडली आणि मग रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या लांबच लांब, खिडक्या नसलेल्या भिंती सुरू झाल्या. त्यांच्यापुढे अठरा-अठरा चाकांची वाहने तोंडे खाली घालून उभी होती. सहदेव त्या भिंती मनातल्या मनात मोजू लागले, वरचा पत्रा काढून खालची जमीन पाहू लागले: इथे भिकाशेटचा मळा, इथे मिठागर, इथे वडाखाली हद्दीचा दगड. आणि एकाएकी, वर्षानुवर्षे न ऐकलेली एक हाळी त्यांच्या कानांत उठली: बांध फुटला, घरटी एक. उधाणाच्या भरतीला खाजणाचा बांध कुठे खचला की गावचा हाळकरी गल्लीगल्लीतून धावत तेवढेच शब्द ओरडे. मग घरटी एक माणूस, हाती पाटी किंवा घमेले घेऊन, बांधावर हजर झाला पाहिजे, असा गावकीचा नेम होता. भाऊबंदकी असो, कोर्टात दावे असोत, तोंड पाहणे बंद असो. भगदाड बुजेपर्यंत शेजारी उभा असलेला मनुष्य फक्त पाटी पुढे देणारा मनुष्य. ज्या घरचे कोणी आले नाही त्या घराला दंड: दुसऱ्या दिवशी दुप्पट माती. सहदेवांच्या चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या दिवशीच बांध फुटला आणि वडील त्यांना घेऊन कल्याणला गेलेले. परतल्यावर दंड सांगितला गेला. दुसऱ्या दिवशी उन्हात वडील दोन-दोन पाट्या वाहत होते आणि शीळ घालत होते. लहानग्या सहदेवाने रडवेल्या आवाजात विचारले, आपली चूक नसताना दंड का? वडिलांनी पाटी उतरवली, घाम निपटला आणि हसून म्हणाले, "दंड काय परक्याला करतान रं?" तो प्रसंग इतका काळ कुठे पडून होता? रिक्षा खड्ड्यातून उसळली आणि सहदेवांचे डोके वरच्या दांडीला लागले. त्या वेदनेनेही त्यांना बरे वाटले.

पावणेअकराला ते पारापाशी उतरले. पारावर शिवराम होता, आणखी दहाबारा पुरुष होते, आणि पलीकडच्या ओट्यावर रखमाबाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. गावच्या शेवटच्या हाळकऱ्याची ती विधवा, आता ऐंशीच्या घरात. समोर ग्रामपंचायतीपुढे मंडप घातला होता. मंडपात खुर्च्या पुष्कळ आणि माणसे मोजकी. सहदेवांनी दुरूनच मोजली. अकरा. चहा पिऊन झाला होता आणि ती माणसे घाईत नव्हती. पुन्हा अकराच.

"या, शेहेरवाले," शिवराम म्हणाला. "बस. इथनं तमाशा बगू."

सहदेव बसले नाहीत. उभ्यानेच, एका दमात, जसे पाण्यात उडी घ्यावी तसे, त्यांनी सांगून टाकले. शंभर भरले नाहीत तर सभा मरत नाही, फक्त पुढे ढकलली जाते; ढकललेल्या सभेला शंभर लागत नाहीत; बाहेरच्या फळ्यावर पाहा, साडेअकराची तहकुबी आणि बाराची दुसरी सभा आधीच लिहून ठेवली आहे; घरात बसणे हाच त्यांचा रस्ता. मागल्या वेळी हेच झाले. वशिला नव्हता. सल्ला चुकीचा होता आणि तो माझा होता. "आणि हे मला दोन वर्षांपासून माहीत आहे, शिवराम."

शिवरामाने तोंडातली तंबाखू थुंकली आणि सहदेवांच्या वहाणांकडे पाहिले. मग शांतपणे म्हणाला, "म्हंजे बांध तूच फोडलास."

"हो."

"आनि कल्यानच्या पल्याड जाऊन गप बसलास."

"हो." दोन्ही वेळा तो शब्द उच्चारताना सहदेवांना वाटले की छातीवरची एकेक पाटी कोणीतरी पुढे घेत आहे.

"कोनचा बांध फुटला?" रखमाबाईने ओट्यावरून विचारले. तिला ऐकू कमी येई. मधले शब्द गळत, पण हा शब्द तिच्या कानांतून कधी गळणार नव्हता. शिवरामाने मोठ्याने सगळे पुन्हा सांगितले. ती ऐकत होती तोवर तिची बोटे तांदळातले खडे काढतच होती. ऐकून झाल्यावर तिने सूप बाजूला ठेवले. "मंग फुटलाच ना? पल्याडनं पानी नाय येत, ट्रक येतान, येवढाच." ती गुडघ्यांवर हात देऊन उठली. "आनि तुमी बसलाव कशाला बायकांसारका? बायका बी आशा नाय बसत." एवढे बोलून ती गल्लीच्या तोंडाशी गेली, तिने एक हात कानावर ठेवला, आणि त्या सुरकुतलेल्या देहातून जी हाळी निघाली तिने पारावरच्या पिंपळातले पारवे उडाले. "बांध फुटला. घरटी एक. घरटी एक."

बांध तर तीन वर्षांपूर्वी भरावाखाली गेला होता. गावात हे न जाणणारा एकही मनुष्य नव्हता. म्हणून सहदेवांना वाटले, लोक हसतील. पहिले दार उघडले ते एका म्हाताऱ्याचे. त्याच्या हातात रिकामे घमेले होते आणि चेहऱ्यावर संभ्रम होता. पाय मात्र कधीच निघाले होते. त्याच्यामागून त्याची सून, हातावर पीठ तसेच. शिवराम एका गल्लीत घुसला, बाकीचे इतर गल्ल्यांत. आणि त्यांच्यापुढे ती हाळी एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर उडी घेत गेली. कोणी मोबाईल कानाला लावून आला, कोणी अंघोळीच्या ओल्या केसांनी, कोणी "काय झाला रं, काय झाला" विचारत आणि उत्तर न ऐकताच मंडपाकडे वळत. ज्या दोन भावांमध्ये कुंपणावरून दावा चालू होता ते एकाच वेळी आले आणि जागा नसल्याने एकाच बाकावर बसले. नकाशावर ज्यांच्या नावाचे केवळ क्रमांक होते ती माणसे श्वास टाकत, घामाचा, पिठाचा, साबणाचा वास घेऊन त्यांच्या अंगावरून जात होती. आपण मोठ्याने मोजत आहोत हे त्यांना शेजारच्या बाईने वळून पाहिले तेव्हा कळले.

ग्रामसेवक विनीत, तिशीतला, पापभीरू, नोंदवहीत सह्या आणि अंगठे घेत होता. सरपंचबाई पदर सावरून ताठ बसल्या होत्या. गोदामाच्या कंपनीचे एक नीटनेटके साहेब घड्याळाकडे पाहत होते. अकरा सत्तावीस. विनीत म्हणाला, "नव्याण्णव." सहदेव पुढे झाले. "माझी घे सही."

विनीतने यादी पाहिली, मग मोबाईलवर पाहिली, मग संकोचून म्हणाला, "काका, तुमचं नाव ठाकुर्लीच्या यादीत आहे. नऊ वर्षं झाली." नऊ वर्षांपूर्वी मतदानासाठी इतक्या लांब कोण जाणार, म्हणून त्यांनीच तो अर्ज भरला होता. सुवाच्य अक्षरात. सहदेव मागे सरले आणि मंडपाबाहेरच्या पायरीवर, लोकांच्या चपलांमध्ये बसले.

अकरा एकोणतीसला मारुती आला. गोदामाच्या फाटकावरचा पहारेकरी. अंगात निळा गणवेश, कमरेला शिट्टी. कंपनीच्या साहेबांनी त्याला ओळखले आणि कपाळाला आठी घातली. मारुतीने कोणाकडे पाहिले नाही. "नोकरी गोदामाची हाय, घर गावातला हाय," तो विनीतला म्हणाला. "मी बसतंय फकत. हात वर करनार नाय, खाली बी करनार नाय." त्याने सही केली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सर्वांत मागे बसला.

"गणपूर्ती झाली," विनीत म्हणाला.

पुढे प्रस्ताव वाचला गेला, साहेबांनी मोठा रंगीत नकाशा टांगला, रोजगार आणि रस्त्यावरचे दिवे यांविषयी ते सौजन्याने बोलले. पायरीवरून सहदेव नकाशा पाहत होते. एकशे बारा राखाडी, एकशे तेरा पिवळा. आणि दोहोंच्या मधोमध काहीच नव्हते. एक स्वच्छ, कोरी, गुळगुळीत सीमा. ते कधी उठले हे त्यांना कळले नाही. "यात ओहोळ नाही," ते म्हणाले. साहेब नम्रपणे म्हणाले, "सभेत मतदारांनीच बोलावं असं मला वाटतं." विनीतने मान खाली घातली; नियम तसाच होता. तेव्हा पहिल्या रांगेतून रखमाबाई म्हणाली, "त्याला बोलायचा नाय ना? नको बोलू दे. ये रं, रेघ वढ. रेघंला कुठं तोंड असतं?"

मंडपात खसखस पिकली. सरपंचबाईंनी हसू लपवत मान हलवली. सहदेव नकाशापाशी गेले आणि त्यांनी खिशातून निळी पेन्सिल काढली. मग टोक कागदाला टेकले आणि हाताला सर्व आठवले: देवळामागचा उगम, बाभळीपाशी घेतलेली वळणे, आणि तो बाक, तीन कागद खाणारा, जो आज एका झटक्यात आला. त्यांनी एक शब्दही उच्चारला नाही. रेघ खाडीला मिळाली तेव्हा मागून शिवरामाचा आवाज आला, "ह्यो नलीत घातला का पयल्या पावसात पानी कोनाच्या घरात शिरंल, ते आता ज्याचा त्याने बगा." लोकांनी पाहिले. रेघेच्या वरच्या अंगाला सारे गाव होते. विरोधाचे हात वर गेले ते एकदम नव्हे. एक, मग चार, मग ओळी. मारुतीचे हात टोपीवर होते आणि टोपी त्याने घट्ट धरली होती. विनीतने दोनदा मोजून नोंदवहीत लिहिले: संमती नाकारण्यात येत आहे. साहेब नकाशा गुंडाळताना म्हणाले, "आम्ही पुन्हा अर्ज करू." सरपंचबाई म्हणाल्या, "करा की. आम्ही पुन्हा बसू."

ऊन माथ्यावर आले होते. लोक आपापली घमेली ओळखून घेऊन पांगत होते. सहदेव पायरीवर उभे होते. मनात उत्साहाच्या लाटा अजून एकीवर एक चढत होत्या, आणि त्यांच्या तळाशी एक लहानशी रिती जागा होती, नऊ वर्षांच्या आकाराची. आता रिक्षा पाहावी, असे ते मनाशी म्हणत होते, तोच रखमाबाई पुढ्यात येऊन उभी राहिली.

"तुज्या घरचा कोन आयला?"

"मी आलो ना, काकी."

"तू यादीत नाय. घराला कुलूप. म्हंजे तुज्या घरचा कोनी नाय आयला." तिने शिवरामाकडे पाहिले. शिवराम न हसण्याची पराकाष्ठा करत होता. "दंड लागतंय. उद्याच्याला ववलातला गाल, चिखल उपसायचा हाय. तुजी दुप्पट." आणि तिने म्हाताऱ्याचे ते रिकामे घमेले सहदेवांच्या हातांत दिले.

खिशात फोन वाजला. योगिनी विचारत होती, जेवायला किती वाजेपर्यंत येताय. सहदेवांनी घमेले काखेत धरले. "आज नाही येत. उद्याही नाही. मला दंड झालाय."

"दंड? कसला दंड? काय केलंत तुम्ही?" मग थोडे थांबून, "बाबा, तुम्ही शीळ घालताय का?"